बाटल्यांच्या तळाचं काळं

सोमवार, ३

प्रयोगशाळेच्या वहीत मत लिहायचं नसतं. तापमान लिहायचं, वेळ लिहायची, सही करायची. त्यामुळे माझी सगळी मतं इतकी वर्षं नवऱ्याच्या डोक्यावर पडत आली. तो मोडक्या खुर्च्या-टेबलं दुरुस्त करणारा माणूस, त्याला रसायनशास्त्र ऐकण्याची शिक्षा कशाला? शेवटी तोच म्हणाला, "ही वही घे. आता हिच्याशी भांड." म्हणून ही सुरुवात.

जुने सर निवृत्त झाले आणि आजपासून त्यांच्या जागी मी. तात्पुरती. मालक म्हणाले, "एक तारखेपर्यंत बघू." बघू म्हणजे काय ते मला कळतं. तेलशुद्धीकरण कारखान्याचं एक मोठं काम आलंय, ते वेळेत आणि नीट दिलं तर खुर्ची माझी. नाहीतर बाहेरून कुणाला तरी आणून बसवतील. बावीस वर्षं इथे घासल्यावर नव्या साहेबाला चहाचे कप कुठे असतात ते दाखवत फिरायची माझी तयारी नाही.

काम असं आहे. कारखान्याकडे दोन प्रकारचं कच्चं तेल आहे. एक जाड, काळं, काठीनं ढवळावं लागेल असं. दुसरं पातळ. आम्ही त्यांची नावं थोरला आणि धाकटा ठेवलीत, कारण दोघांना एकाच टाकीत नांदवायचं आहे. अडचण थोरल्याच्या पोटात आहे. त्यात ॲस्फाल्टीन नावाचा एक जड भाग विरघळलेला असतो. आजूबाजूचं तेल मानवतं तोवर तो गुण्यागोविंदानं राहतो. पातळ तेल जास्त झालं की त्याचं बिनसतं आणि तो काळे कण होऊन बाहेर पडतो. मग ते कण कारखान्यातल्या तापलेल्या नळ्यांमध्ये जाऊन बसतात आणि नळ्या तुंबतात. तर धाकटा शंभरात किती चालेल, हे आम्ही सांगायचं. येत्या चौदा तारखेला अहवाल, एकवीसला सकाळी टाकीत मिसळायला सुरुवात.

कारखान्याचे टाकीवाले साहेब फोनवर म्हणाले, "साठ टक्के झालं तर फार बरं होईल, मॅडम." जणू मी घरी तळून आणणार आहे.

गुरुवार, ६

झालं! धाकटा वीस टक्क्यांपासून सत्तर टक्क्यांपर्यंत, पाच-पाचच्या पायऱ्यांनी, अशा अकरा बाटल्या केल्या. आमची पद्धत साधी आहे. दोन्ही तेलं मिसळायची, हलवायची, कोमट पाण्यात अर्धा तास ठेवायची आणि मग एक थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचा. कण दिसले की ती हद्द. पासष्टला ठिपके दिसले. साठला काही नाही. जुन्या सरांनी ही पद्धत बसवून दिली त्याला वीस वर्षं झाली, आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही.

टाकीवाल्या साहेबांना अजून कळवलेलं नाही. उद्या परत करून बघते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं माझं होऊ नये. घरी तर झालंच आहे. नवऱ्यानं एक खुर्ची डिंक लावून, शिकंज्यात आवळून बाहेरच्या खोलीत ठेवली होती. "दोन दिवस बसायचं नाही." मी शिकंजा काढून बसले. धरला होता की डिंक! पंधरा मिनिटांनी पाय निखळला आणि मी जमिनीवर. तो हसलाही नाही, ते जास्त लागलं.

शुक्रवार, ७

दुसऱ्यांदाही साठ. सोमवारी मालकांकडे पाहुणे यायचेत म्हणून बाटल्या धुणाऱ्या मावशींना मी काचसामान सोडून बैठकीची खोली पुसायला पाठवलं. काल-आजच्या बाटल्या तशाच राहिल्या. राहू देत, सोमवारी धुतील.

सोमवार, १०

सकाळी आल्या आल्या मावशी दारात उभ्या. हातात बाटली.

"मॅडम, याच्या तळाला काळं बसलंय."

"तेलच आहे मावशी, काळंच असणार."

"तसं नाही. नेहमीच्या रॉकेलनं निघत नाहीये. टोल्यूइन घालून ब्रशनं घासलं तर निघतंय. आणि सगळ्यांना नाही. तुमच्या चाळीसपासून पुढच्या बाटल्यांनाच आहे."

मला पाहुण्यांसाठी तक्ते लावायचे होते. मी म्हटलं, "मग टोल्यूइन घ्या." त्या म्हणाल्या, "त्या मी वेगळ्या ट्रेमध्ये ठेवल्यात, सिंकखाली. वेळ झाला की एकदा बघा." आता तीन-चार दिवस तेल तसंच राहिलं तर बाटली घासावी लागणार, यात बघायचं काय? काम जास्त झालं की माणूस कारणं शोधतो. बाटल्या नऊ वर्षं धुतायत, तरी तक्रारीची हौस काही जात नाही.

मंगळवार, ११

आज भलतंच झालं.

तिसऱ्यांदा चाचणी लावली. अर्ध्या तासानं बघणार, तेवढ्यात मालकांनी बोलावलं आणि बोलणं तीन तास चाललं. परत येऊन थेंब काचेवर घेतला तर साठमध्ये कण. बारीक, काळे, चक्क भरपूर. पंचावन्नमध्येही तुरळक. लगेच कपाटातून दुसऱ्या बाटल्या घेतल्या, नव्यानं मिश्रण केलं आणि घड्याळ लावून बरोबर अर्ध्या तासानं बघितलं. साठ स्वच्छ! पंचावन्न स्वच्छ!

म्हणजे उघड आहे. सकाळच्या बाटल्या नीट धुतलेल्या नव्हत्या. कचरा होता तो. माझ्या खुर्चीचा, कारखान्याच्या टाकीचा प्रश्न आणि तो लोंबकळतोय कुणाच्या तरी ब्रशवर.

बुधवार, १२

मावशींना विचारलं. सरळच विचारलं, आडून नाही.

"मावशी, कालच्या बाटल्यांत घाण होती."

त्यांनी हातमोजे काढले. "माझ्या बाटल्या स्वच्छ असतात, मॅडम."

"मग कण कुठून आले?"

"ते तुम्ही बघायचं. मी शिकलेली नाही तेवढी. पण बाटली मी उजेडात धरल्याशिवाय ठेवत नाही."

"म्हणजे माझं चुकलं?"

"असं कुठे म्हटलं मी? तो ट्रे बघा म्हटलं सोमवारी, तो तुम्ही बघितला नाहीत."

स्वर शांत होता, त्यानं मला जास्त राग आला. त्यांच्या कंत्राटदाराला दोन ओळींचं पत्र लिहिलं: काचसामान अस्वच्छ, त्यामुळे चाचण्यांत चुका. सही करताना हात क्षणभर थांबला, नाही म्हणत नाही. पण माझ्याऐवजी कुणी पुरुष असता तर त्यानं दोनदा विचार केला असता का? उद्या ‘बाईला माणसं सांभाळता येत नाहीत’ असं ऐकायचं नाहीये मला.

शुक्रवार, १४

शेवटची चाचणी नव्या कोऱ्या बाटल्यांत केली, खोक्यातून काढलेल्या. उगीच शंका नको. अर्धा तास, साठ स्वच्छ. अहवालावर सही केली: धाकटा साठ टक्क्यांपर्यंत सुरक्षित. टाकीवाले साहेब फोनवर खूश. मालकांनी माझ्यासाठी स्वतः खुर्ची ओढली.

मावशींना आज दुपारी कंत्राटदारानं काढलं. जाताना त्या माझ्याकडे आल्या नाहीत. सिंक पुसून, फडकं वाळत घालून गेल्या. मला वाटलं होतं दुसरीकडे बदली करतील. काढतील असं वाटलं नव्हतं. पण मी काढा असं लिहिलं नव्हतं.

रविवार, १६

दीर जेवायला आले होते. ते त्याच कारखान्यात, नळ्या साफ करणाऱ्या टोळीचे मुकादम. मी अहवालाचं सांगितलं तर हात जोडून म्हणाले, "वहिनी, तुमच्या सहीवर आमची कातडी आहे बघा."

"उगाच काहीतरी नका बोलू भाऊजी."

"उगाच नाही. नळ्या तुंबल्या की भट्टी जास्त तापवतात. मग आम्ही उघडायला जातो. दोन वर्षांपूर्वी झाकण उघडताना आमच्यातल्या एकाचा हात कोपरापर्यंत भाजला. अजून मूठ वळत नाही त्याची." मग माझा चेहरा बघून हसले. "तुम्ही तपासलंय म्हणजे झालं की. वाढा भाजी."

मी भाजी वाढली. मला जेवण गेलं नाही, पण आज उकाडाही फार होता.

सोमवार, १७

सगळं क्रमानं लिहिते.

मावशींच्या जागी अजून कुणी नाही, म्हणून शुक्रवारच्या बाटल्या मीच धुवायला घेतल्या. तेल ओतलं, रॉकेल घालून विसळलं. वीस, पंचवीस, तीस, पस्तीस निघाल्या. चाळीसच्या तळाला काळा पातळ थर. पन्नासला जाड. साठमध्ये बोटानं खरवडला तर नखात आला. या नव्या बाटल्या. खोक्यातून मी माझ्या हातानं काढलेल्या. यांना मावशींनी स्पर्शही केलेला नव्हता.

त्यातला कण काचेवर घेतला आणि वर टोल्यूइनचा एक थेंब सोडला. धूळ असती, कचरा असता, तर तसाच राहिला असता. टोल्यूइनमध्ये ॲस्फाल्टीन विरघळतं. माझ्या डोळ्यांदेखत कण तपकिरी होऊन पसरले आणि नाहीसे झाले. हे मला मंगळवारीही करता आलं असतं. दोन मिनिटांचं काम. मी केलं नाही, कारण मला उत्तर आधीच आवडलं होतं.

मग सिंकखाली वाकले. ट्रे तिथेच होता. चौदा बाटल्या, सहा आणि सात तारखेच्या, चाळीस ते सत्तर, ओळीनं लावलेल्या. प्रत्येकीच्या तळाशी काळं. आठवडाभर तो माझ्या पायाशी होता.

म्हणजे कण पडतात, पण सावकाश. अर्ध्या तासात साठला काही दिसत नाही. तीन तासांनी दिसतं. तीन दिवसांनी चाळीसलाही दिसतं. आणि टाकीतलं तेल काही अर्ध्या तासात नळ्यांत जात नाही, ते आठवडा आठवडा पडून असतं.

दुपारी तीनला नव्या बाटल्या लावल्या. आता दर दोन तासांनी बघायचं. शुक्रवारी सकाळी मिसळणार. मधे तीन दिवस.

मंगळवार, १८

जुन्या सरांना फोन केला. "सर, तो अर्धा तास कुठून आला?"

ते म्हणाले, "चहाची सुट्टी अर्ध्या तासाची असायची. बाटल्या ठेवायच्या, चहा प्यायचा, येऊन बघायचं."

"आणि तेच लिहिलंत?"

"तेव्हा सगळं हलकंच तेल यायचं, अडलं नाही कधी. नंतर कुणी विचारलं नाही." आणि वर म्हणाले, "तूही वीस वर्षं नाही विचारलंस."

रागावण्यासारखं काही नव्हतं, खरं होतं ते. आजचे निकाल: साठला दोन तासांत कण. पंचावन्नला चौथ्या तासाला. पन्नासला आज सकाळी. पंचेचाळीस आणि चाळीस अजून स्वच्छ. कधी नव्हे ते मी देवाला विनवलं की कण पडू देत, आणि लवकर पडू देत.

बुधवार, १९

मालकांसमोर सगळं मांडलं. ते म्हणाले, "पद्धतीत किती लिहिलंय?"

"अर्धा तास."

"तुम्ही किती थांबलात?"

"अर्धा तास."

"मग अहवाल बरोबर आहे. उद्या काही झालं तर कुणी तुमच्याकडे बोट दाखवू शकत नाही. आणि आज तुम्ही तो मागे घेतलात, तर गेल्या वीस वर्षांतले सगळे अहवाल लोक परत काढतील. विचार करा. एक तारीख जवळ आलीय."

विचार केला. सगळा दिवस केला. इथे खोटं लिहिणार नाही: पहिला विचार आला तो असा, की मालकांचं म्हणणं खोटं नाही. नियमानं मी सुटते. दुसरा विचार माझ्या खुर्चीचा. भाजलेल्या हाताचा विचार तिसरा आला आणि मावशींचा चौथा. मला माझीच लाज वाटली.

सकाळी पंचेचाळीसला कण पडले होते. दुपारी एकला चाळीसला पडले. पस्तीस स्वच्छ. मावशींनी दहा तारखेलाच मला हा आकडा सांगितला होता, तोही फुकट.

नवऱ्याला म्हटलं, "माझी खुर्ची जाईल." तो म्हणाला, "आपल्या घरात काय खुर्च्यांचा तोटा आहे?" मी रडले, मग हसले, मग परत रडले.

गुरुवार, २०

मालकांना न विचारता टाकीवाल्या साहेबांना फोन केला.

"साठ नाही. चाळीसही नाही. पस्तीस अजून स्वच्छ आहे, पण धोका नको, तीसच्या वर जाऊ नका."

ते जे तापले! "मॅडम, उद्या सकाळी सातला झडप उघडायचीय! जहाज धक्क्याला लागलंय. तुमची सही आहे माझ्यासमोर!"

"ती मी मागे घेतेय."

"मग तुमची खरी सही कोणती? शुक्रवारची की आजची?"

मी म्हटलं, "साहेब, तुमच्याकडच्या तेलाची साठ टक्क्यांची बाटली आत्ता करा आणि टेबलावर ठेवा. संध्याकाळी सहाला तळाला बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

त्यांनी फोन आपटला. मी पत्र लिहून, सही करून, स्वतः रिक्षानं जाऊन त्यांच्या फाटकावर दिलं आणि पोच घेतली. पहारेकरी म्हणाला, "एवढ्या घाईचं काय आहे?" मी म्हटलं, "उद्या सकाळी सातच्या आत वाचलं पाहिजे." सहा वाजले, साडेसहा वाजले, फोन नाही. दिरांना लावला, ते पाळीवर होते, उचलला नाही. भात करपला.

शुक्रवार, २१

सकाळी सव्वासातला दिरांचा फोन. "वहिनी, झडप उघडलीच नाही. साहेब रात्रपाळीवाल्यांना एक बाटली दाखवत फिरत होते, तळाला काळं बसलेली. आमच्या टोळीला म्हणाले, घरी जा."

मी पायरीवर बसून राहिले. नवऱ्यानं चहा आणून हातात दिला तेव्हा कळलं की मी अजून फोन कानाला धरलाय.

सोमवार, २४

मालकांनी मला माझ्या जुन्या टेबलावर बसवलं. एक तारखेला बाहेरून कुणीतरी येणार आहे. कप कुठे असतात ते दाखवीन. पद्धत मात्र बदलली: अर्ध्या तासाऐवजी दोन दिवस. ती माझ्याच हातानं लिहिली.

तक्रार मागे घ्यायची म्हणून कंत्राटदाराकडे गेले. तो म्हणाला, "अहो मॅडम, पत्र आम्ही चार ठिकाणी दाखवलंय. आता अस्वच्छ कामाचा शेरा लागला, लागला. दुसरी बाई देतो की तुम्हाला." कारखान्याचा अहवाल एका दिवसात मागे घेता आला. ही दोन ओळींची चिठ्ठी घेता येईना. त्याच्याकडून मावशींचा पत्ता तेवढा लिहून आणला.

बुधवार, २६

मावशींकडे गेले. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मावशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या, आतल्या खोलीत सून भांडी घासत होती आणि मुलगा काहीतरी ठोकत होता. पाणी मिळालं. चहाचं विचारलं नाही.

"मावशी, माझं चुकलं. ते काळं तेलातलंच होतं. तुम्ही सांगितलं तसंच, चाळीसपासून पुढे."

"हं."

"कामावर परत या."

"ते बघू. आधी त्या पत्राचं काय?"

"मी कंत्राटदाराशी बोलले."

"तक्रार बोलला होतात का? लिहिली होतीत."

मी पिशवीतून तयार पत्र काढून दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं. "‘गैरसमजातून तक्रार झाली.’ गैरसमज कुणाचा?"

"माझा."

"मग तसं लिहा ना."

मी त्यांच्याच पाटावर कागद ठेवून नवं पत्र लिहिलं. सही केली, तारीख घातली आणि पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"वाचा."

"तुम्हाला वाचता येतं की, मावशी."

"मला येतं." त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "घाण काम करते म्हणून काढलं. बारा दिवस झाले, सून माझ्या हातचं ताट परत विसळून घेते. तोंडानं काही बोलत नाही. पोरगा बघतो आणि मान खाली घालतो. जरा मोठ्यानं वाचा."

मी वाचायला लागले. दुसऱ्या ओळीला ठोकणं थांबलं. मग भांड्यांचा आवाज थांबला आणि आतला नळ बंद झाला.

"आता पहिली ओळ परत," मावशी म्हणाल्या. हातातली घडी त्यांनी खाली ठेवली होती.

मी उभी राहिले, दाराकडे तोंड केलं आणि वर्गात वाचतात तसं वाचलं, "बाटल्या स्वच्छ होत्या."